६४० तास झाले, दार काही उघडेना: एलिट डेंजरस, पंधरा महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात एलिट डेंजरस या अंतराळयान चालवायच्या कॉम्प्युटर खेळात माझं यान पडलं. आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर, सॅजिटेरियस ए स्टार, बघून परत निघालो होतो. सोल, म्हणजे आपली सूर्यमाला, तीन हजार प्रकाशवर्षांवर आली होती, म्हणजे गावाच्या वेशीवरचं देऊळ दिसायला लागलं म्हणायचं. तेवढ्यात एका तपकिरी ग्रहावर सजीवांची खूण दिसली आणि म्हटलं, जाता जाता हाही उरकू. जमिनीपासून आठशे मीटरवर, नाक खाली असताना, थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, शून्यावर आणला. काटा शून्यावर गेला, थरथरला आणि आपणहून वर जाऊन पूर्णावर बसला. मी घाबरून लँडिंग गिअर दाबायला गेलो आणि दाबलं बूस्ट, म्हणजे यान एकदम पुढं फेकणारं बटण. ही चूक एकदाही न केलेला कमांडर (खेळाडूला इथं हेच म्हणतात) असेल तर त्याने हात वर करावा. वजन वाचवायला शील्ड सर्वांत हलकी लावली होती. पुढचं सांगत नाही.

यानाचं दुःख नाही. किमतीच्या पाच टक्के भरले की तेच यान परत मिळतं. पण प्रवासात गोळा केलेली आणि अजून न विकलेली माहिती यानाबरोबर जाते. परतीच्या तीन आठवड्यांत चाळीसेक तारे असे सापडले होते की तिथं आधी कोणी आलेलंच नव्हतं. त्यांच्यावर माझं नाव लागलं असतं. शिवाय स्ट्रॅटम टेक्टोनिकास या परग्रहावरच्या सजीवाच्या सात नोंदी. एकेक नोंद १ कोटी ९० लाख क्रेडिटची (हे खेळातलं चलन), पहिल्यांदा नोंदवली तर पाचपट. जातानाचा माल तिकडच्याच एक्सप्लोरर्स अँकरेज या स्थानकाला विकला होता म्हणून निम्मं तरी वाचलं. येताना वाटेत दुसऱ्या खेळाडूंचे दोन फ्लीट कॅरिअर, म्हणजे फिरती स्थानकंच, लागले होते, पण तिथं नकाशे विकले तर चौथाई रक्कम कापली जाते, म्हणून मी थांबलो नाही. बायको म्हणते तुमची कंजुषी एक दिवस नडणार. तिला हा प्रसंग सांगितलेला नाही.

खेळाचा यात काही दोष नव्हता, हे आधीच सांगतो. दोष जॉयस्टिकचा. ४,२०० रुपयांना ऑनलाइन घेतलेली, एक वर्षाची वॉरंटी, अकरावा महिना. कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी बिल मागितलं, मग व्हिडिओ, मग खोक्यासकट व्हिडिओ. मग कळवलं की कुरिअर स्वतःच्या खर्चाने पाठवा. आणि फोटोत खालचा एक रबरी पाय निखळलेला दिसला, म्हणून शेवटी उत्तर आलं की हे 'फिजिकल डॅमेज' आहे. रबरी पाय आणि थ्रॉटलचा संबंध काय, हे मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा 'आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत'.

यात २३ दिवस गेले. माउस-कीबोर्डवर खेळून बघितलं, पण उसाच्या ट्रॅक्टरला सायकलचं हँडल लावल्यासारखं वाटलं. सोडून दिलं. आणि पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच खेळापासून लांब बसल्यामुळे डोकं विचार करायला लागलं, की आपण इतके दिवस नक्की काय करत होतो.

मी तासगावात एका पतसंस्थेत काम करतो. हिशेबाची सवय घरीही सुटत नाही. खेळ आणि ओडिसी ही त्याची जादा पुरवणी, दोन्ही सेलमध्ये मिळून ९६० रुपये. आजवरचे तास ६४०. म्हणजे तासाला दीड रुपया. जॉयस्टिक मात्र तासाला साडेसहाला पडली. दीड रुपयात तासभर करमणूक आज कुठं मिळते? चहाही नाही. तेव्हा पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, आणि हे खालचं सगळं वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

पहिले दोन महिने तर मी लोकांना धरून धरून सांगत होतो. फिरतं कोरिओलिस स्थानक, त्याची ती पत्रपेटीसारखी फट, त्यातून यान आत घालताना तळहाताला सुटणारा घाम. हायपरस्पेसमधून बाहेर पडताना समोर अंगावर येणारा तारा. आणि आवाज! प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा. डोळे मिटून इवलंसं सायडवाइंडर यान कोणतं आणि मालवाहू टाइप-९ कोणतं ते सांगता येतं. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे तारा ते ग्रह अशा वेगवान प्रवासात, पोचायला सात सेकंद उरले की थ्रॉटल निळ्या पट्ट्यात आणायचा, हे जमायला लागलं तेव्हा पहिल्यांदा सायकल आल्यासारखं वाटलं. हटन ऑर्बिटल या आडबाजूच्या स्थानकाचा पाहुणचारही झाला. कोणीतरी सांगितलं तिथं अ‍ॅनाकोंडा हे मोठं यान फुकट मिळतं. अल्फा सेंटॉरीत शिरल्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं सरळ रेषेत जायचं, दीड तासाच्या आसपास. मी लॅपटॉप चालू ठेवून दळण आणलं, पाणी भरलं. पोचलो तर अ‍ॅनाकोंडा नाही, हटनचा मग तेवढा विकत मिळतो. तो घेतला. अजून आहे माझ्याकडं. नव्या माणसाला मीही हेच सांगतो.

मग एक दिवस मुलगी शेजारी येऊन बसली. दुसरीत आहे. मी कुठंतरी नेब्युलाजवळ होतो, समोर सगळं निळं-जांभळं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही झोपता कुठं?"

मी म्हटलं, मागं खोली असेल.

"दाखवा ना."

तिथून सगळं बिनसलं.

कारण मागची खोली दाखवता येत नाही. पायलटच्या खुर्चीमागं दार आहे, मान वळवली तर दिसतं, पण तिथपर्यंत जाता येत नाही. ओडिसी आल्यापासून ग्रहावर उतरून चालता येतं, स्थानकात हिंडता येतं. मात्र उतरायचं म्हणजे मेन्यूतून 'उतरा' निवडायचं, पडदा काळा होतो आणि तुम्ही यानाखाली जमिनीवर उभे असता. परत चढायचं तर यानाखालच्या निळ्या वर्तुळात उभं राहायचं, पुन्हा काळोख, आणि थेट खुर्चीत. खुर्ची ते जिना ही दहा पावलं खेळात नाहीत. ४०० अब्ज तारामंडळं आहेत. आकाशगंगा खऱ्या मापाची आहे. सॅजिटेरियस ए स्टारला जायला सुमारे २५,९०० प्रकाशवर्षं कापावी लागतात आणि ती मी कापली. दहा पावलं तेवढी नाहीत.

मला माहीत आहे, हा जुना वाद आहे. यानाच्या आतला भाग करायला प्रचंड काम आहे, प्रत्येक यानाचा वेगळा, आणि तिथं खेळण्यासारखं काय असणार, चार दिवस लोक हिंडतील आणि कंटाळतील, हे सगळं वाचलेलं आहे. मुद्दा पटतोही. पण मुलीने विचारल्यापासून माझी नजर तिथंच जाते. टाइप-९ हे केवढं धूड, पोटात सातशेच्या वर टन माल मावतो. त्या मालाला मी कधी हातही लावू शकलो नाही. माल म्हणजे यादीतला आकडा. पतसंस्थेत मी दिवसभर आकडेच इकडून तिकडं करतो, घरी येऊन पुन्हा तेच, फक्त पाठीमागं तारे.

एकदा हे दार दिसलं की बाकीची दारंही दिसायला लागतात. स्थानकात शिरलात की लिफ्ट, काउंटर, बार, टॅक्सीवाली कंपनी. हजारो प्रकाशवर्षं दूर कलोनिया या वस्तीला जा, तिथंही तोच बार, तोच काउंटर. आमच्याकडची एसटी स्टँडं बघा. सांगलीचं वेगळं, विट्याचं वेगळं, आंधळ्याला नुसत्या वासावरून ओळखता येतील. या खेळावर पहिल्यापासून एक ठरलेला शेरा आहे, की पसारा समुद्राएवढा आणि पाणी घोट्याएवढं. मी त्याच्याशी भांडायचो. आता भांडत नाही. पाणी काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत आहे, एवढंच म्हणेन. उड्डाणाच्या बाबतीत तर गळ्यापर्यंत आहे. यान चालवण्याचा असा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच खेळात मिळालेला नाही. पण चालवून पोचायचं कुठं?

उदाहरण म्हणजे इंजिनिअर मंडळी, यानाचे सुटे भाग सुधारून देणारी खेळातली पात्रं. २०१६ मध्ये आलेला हा प्रकार. यानाची ताकद वाढवायची तर साहित्य गोळा करायचं, आणि ते गोळा करण्याची रूढ रीत अशी होती की जेमसन नावाच्या खेळातल्या वैमानिकाच्या पडक्या यानापाशी जायचं, चार टॉवर स्कॅन करायचे, मेन्यूत बाहेर पडायचं, परत यायचं. टॉवर पुन्हा भरलेले. परत स्कॅन, परत बाहेर. मी एका रविवारी हे ३४ वेळा केलं, वहीत नोंद आहे. खेळ चांगला खेळायचा तर पुन्हा पुन्हा खेळातून बाहेर पडा, अशी ही तऱ्हा.

इथवरचं मी महिन्याभरापूर्वी एका कागदावर लिहून ठेवलं होतं आणि वर शीर्षक दिलं होतं 'घेऊ नका'. ते खोडलं. न खोडून चालत नव्हतं.

कारण मी आलो २०२४ च्या जूनमध्ये, आणि जुनी मंडळी सांगतात त्या मानाने मी सुखाच्या दिवसांत आलो. सुपरक्रूझचा वेग कैक पट वाढवणारं सुपरक्रूझ ओव्हरचार्ज त्याच्या महिनाभरच आधी आलं होतं, म्हणून लांबचे ग्रह मला मिनिटांत गाठता आले; आधीच्या लोकांनी आयुष्यातले किती तास त्या निळ्या रेषांकडं बघण्यात घालवले असतील! इंजिनिअरचं साहित्यही त्याच वर्षी बरंच सोपं झालं. माझा तो ३४ वेळांचा रविवार त्याच्या थोडाच आधीचा, हे माझं नशीब. वर्षअखेरीला थार्गॉइड या खेळातल्या परग्रहवासी शत्रूंचं शेवटचं टायटन, म्हणजे महाकाय यान, कोसिहो, थेट सूर्यमालेत येऊन धडकलं. पृथ्वीच्या आकाशात ते फुलासारखं धूड फुललेलं बघून मुलगी घाबरली आणि मी खूश झालो. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वसाहती आल्या.

वसाहतीबद्दल लिहायलाच हवं. अडीच कोटी क्रेडिट भरून एक रिकामं तारामंडळ आपल्या नावावर राखायचं आणि चार आठवड्यांत पहिलं बंदर उभं करायचं. छोट्यात छोटं म्हटलं तरी अठरा-वीस हजार टन माल: पोलाद, टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम, द्रवरूप ऑक्सिजन, आणि तो छळवादी सीएमएम कॉम्पोझिट, जो जवळपास कुठंच मिळत नाही. टाइप-९ ने २६ खेपा. भरा, उडा, उतरा, रिकामं करा. कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात तसं मी पोलादाच्या स्थानकावर रात्री साडेअकराला रांगेत. यात सखोल असं काय आहे? काही नाही. हमाली आहे. आणि तरी गुरुवारी दुपारी सर्व्हरची देखभाल उरकली, संध्याकाळी घरी येऊन बघतो तर सांगाड्याच्या जागी दिवे लागलेलं बंदर उभं, तेव्हा मी उभा राहून टाळी वाजवली. आईने देवघरातून विचारलं, काय झालं रे? गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, तिला वाटलं काहीतरी चांगली बातमी आली. म्हटलं, बंदर झालं. तिने नमस्कार करून टाकला.

मी मोठ्या हौसेने मुलीला घेऊन त्या बंदरात उतरलो. पडदा काळा, लिफ्ट, दार उघडलं. तोच बार. तोच काउंटर. मुलगी म्हणाली, "इथं आपण आधी आलोय की."

आता पुढचं काय, या प्रश्नाकडं येतो, कारण ६४० तास घातल्यावर माणूस मुद्दलाची काळजी करणारच. हा खेळ पूर्णपणे सर्व्हरवर चालतो. एकट्याने खेळायचा 'सोलो' प्रकार आहे, त्यालाही इंटरनेट लागतं. आमच्या भागातलं ब्रॉडबँड पावसात दोन दिवस गेलं (हे कुणाचं ते विचारू नका), तेव्हा माझी आकाशगंगाही दोन दिवस गेली. मुळात हे असं नव्हतं ठरलेलं. डेव्हिड ब्रॅबेन यांनी इयन बेल यांच्यासोबत १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोवर जो पहिला एलिट केला, तो ३२ किलोबाइटच्या यंत्रात आठ आकाशगंगा घेऊन बसला होता, प्रत्येकीत २५६ ग्रहमाला. आजही तो चालतो. नव्या खेळासाठी २०१२ च्या अखेरीस लोकवर्गणी मागितली, साडेबारा लाख पौंडांचं लक्ष्य होतं, जमले पंधरा लाखांच्या वर. तेव्हा ऑफलाइन खेळता येईल असं ठरलं होतं. खेळ आला १६ डिसेंबर २०१४ ला आणि ऑफलाइन रद्द झाल्याचं कळलं त्याच्या महिनाभर आधी. ज्यांनी वर्गणी दिली ते केवढे भडकले असतील, हे ठेवीदार कसे भडकतात ते पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

नंतरचाही प्रवास असाच, दोन पावलं पुढं आणि एक मागं. मे २०२१ मध्ये ओडिसी आलं ते इतकं अर्धवट की लोकांनी शिव्या घातल्या. मार्च २०२२ मध्ये कन्सोलवरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं. त्या वर्षाच्या शेवटी आकाशगंगेच्याच दोन वाटण्या झाल्या, एक 'लाइव्ह' आणि एक 'लेगसी', आणि नवी गोष्ट सगळी पहिलीत. कन्सोलवाले म्हणजे वाटणीत पडकं घर मिळालेला भाऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रॅबेन स्वतः मुख्याधिकारीपदावरून बाजूला झाले. हा खेळ करणाऱ्या फ्राँटिअर कंपनीचं आता मुख्य लक्ष उद्यानं आणि डायनासोर सांभाळायच्या खेळांवर आहे. त्यात चूक काही नाही, धंदा आहे. पण धाकट्या दुकानाला कुलूप कधी लागेल याचा अंदाज गिऱ्हाइकाने करायला नको का?

अलीकडं नवी यानं येतात, ती आधी आर्क्स या खऱ्या पैशाने विकत मिळणाऱ्या चलनावर आणि काही महिन्यांनी साध्या क्रेडिटवर. जुने लोक यावर फार चिडलेले. मी नाही चिडलो, मी हिशेब केला. खेळून आठवड्याला जास्तीत जास्त ४०० आर्क्स मिळत होते आणि पायथन मार्क टू सोळा हजारांच्या घरात. म्हणजे चाळीस आठवडे. तेच यान तीन महिन्यांत क्रेडिटवर आलं. थांबणाऱ्याचं काही बिघडत नाही, घाई करणारा आपल्याला सर्व्हरचं भाडं भरून देतो. माझी त्या भल्या लोकांना विनंती आहे की त्यांनी अशीच घाई करत राहावी. पँथर क्लिपर मार्क टू जुलै २०२५ मध्ये आलं, टाइप-९ च्या दीडपट माल नेणारं. त्याचीही वाट मी तशीच बिनखर्चाची बघितली.

खरी भीती वेगळी आहे. माझ्या नावाचे जे तारे आहेत, जातानाचे, विकलेले, अठ्ठावीस, ते त्या सर्व्हरवर आहेत. माझं बंदर तिथं आहे. यातलं काहीही माझ्या लॅपटॉपवर नाही. उद्या दिवे मालवले तर माझ्याकडं वहीतले तास उरतील. पतसंस्थेचं पासबुक बरं, शिक्का तरी असतो.

घ्यावा का? सेलमध्ये असेल, हातात जॉयस्टिक असेल आणि कोणी शेजारी बसून प्रश्न विचारणारं नसेल, तर घ्या. आधी मूळ खेळच घ्या, ओडिसी दोन महिन्यांनी. इंधन संपून अडकलात तर फ्युएल रॅट्सना हाक मारा. अनोळखी लोक आहेत, पैसे घेत नाहीत, मध्यरात्रीही येतात. मला एकदा वीस मिनिटांत इंधन देऊन गेले आणि जाताना विचारलं, बाकी सगळं ठीक ना. इतक्या आपुलकीचं वाक्य मला त्या जॉयस्टिक कंपनीकडून २३ दिवसांत ऐकायला मिळालं नाही.

जॉयस्टिकचं काय झालं ते राहिलंच. शेवटी स्टँडजवळच्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्याकडं नेली. वय सत्तरच्या पुढं. त्यांनी ती उलटीसुलटी केली, थ्रॉटल दोनदा सरकवला आणि म्हणाले, "हा रेडिओचा व्हॉल्यूम आहे. पॉट घाण झालाय. खरखरतोय." चार स्क्रू काढले, कसलासा स्प्रे मारला, तो सरकणारा दांडा पंचवीसेक वेळा खालीवर केला. पडलेल्या रबरी पायाच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. ८० रुपये घेतले.

"विमान चालवता का हो याच्यावर?" मी पैसे देताना त्यांनी विचारलं.

म्हटलं, तसंच काहीसं.

"सहा महिन्यांनी परत खरखरेल. घेऊन या."

वहीत नोंद केली: ८० रुपये, दुरुस्ती. तासाचा दर आठच्या जरा वर गेला. तो खाली आणायचा तर अजून बरेच तास उडावं लागेल. रात्री दुसऱ्या बंदराच्या पोलादाच्या खेपा चालू केल्यात, सतरा राहिल्यात.